लेकीचे अमेरिकन शेअर: ठेवावेत की विकावेत?

खाडीकाठ | १३ जानेवारी २०२६, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गेली कित्येक वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझी सगळी नोकरी रबाळे एमआयडीसीत, रसायनाच्या कारखान्यात झाली. निवृत्तीला सहा वर्षं झाली. ऐरोलीत सिडकोच्या घरात राहतो. लेक एकतीस वर्षांची, एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीच्या इथल्या ऑफिसात आहे. पगाराखेरीज दर तीन महिन्यांनी तिला कंपनीचे शेअर मिळतात, आरएसयू म्हणतात ते. पाच वर्षांत तिने त्यातला एकही विकलेला नाही.

परवा रविवारी जेवणं आटोपल्यावर तिच्याकडून आकडे मागून घेतले आणि फुलस्केप कागदावर मांडले. कंपनीचे शेअर ६२ लाख. नॅस्डॅकच्या, म्हणजे मुख्यतः अमेरिकन टेक कंपन्यांच्या, फंडात ११ लाख. भारतीय आयटी कंपन्यांच्या फंडात ७ लाख. पीएफ १४ लाख, एफडी ५ लाख. घणसोलीत फ्लॅट बुक केलाय, बांधकाम चालू आहे, कर्ज ७८ लाखांचं मंजूर आहे. ताबा मिळाला की तो भाड्याने देऊन हप्ता भागवायचा असा तिचा विचार.

आमच्या कारखान्यात पाण्याच्या चार टाक्या होत्या. चारही एमआयडीसीच्या एकाच लाइनवर भरायच्या. लाइन बंद पडली की चार टाक्या काय आणि चाळीस काय, दुसऱ्या दिवशी प्लांट थांबायचा. तो कागद बघताना मला त्या टाक्या आठवल्या. पगार अमेरिकन टेकमधून, शेअर त्याच कंपनीचे, फंड त्याच क्षेत्राचे आणि घणसोलीतला उद्याचा भाडेकरूसुद्धा बहुधा आयटीवालाच असणार. ९९ लाखांतले ८० लाख एकाच लाइनवर आहेत.

तिचं म्हणणं, "बाबा, तुमचं ऐकून दर वेळी विकत गेले असते तर आज याच्या निम्मेही दिसले नसते." हेही खरंच आहे. म्हणून विचारतोय, तुम्ही काय केलं असतं?

कोपरी_पूल | १३ जानेवारी, रात्री ११.०२

काका, लेकीचं बरोबर आहे. चालत्या गाडीतून उतरायचं कशाला?

एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य २०२३ मध्ये १ लाख कोटी डॉलरला पोचलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटींना. जगात एवढी मोठी कंपनी आजवर झाली नव्हती. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, मेटा यांचा नफा कागदावरचा नाही, रोकड येते. शिवाय रुपया बघा. २०१० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, गेल्या डिसेंबरात ९० च्या पुढे गेला. शेअर जागचा हलला नसता तरी रुपयात पैसे दुप्पट झाले असते. मी स्वतः नॅस्डॅक १०० च्या ईटीएफमध्ये (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) दर महिन्याला घालतो आणि घालत राहणार आहे.

पारसिक | १४ जानेवारी, सकाळी ७.४०

कोपरी_पूल, तुमचं वय मला माहीत नाही, पण २००० साली तुम्ही शाळेत असाल. मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होतो. दुपारच्या सुट्टीत गेटबाहेरच्या टपरीवर शेअरचे भाव कळायचे. इंटरनेटच्या नावाने चाललेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून पैसे घातले. ती कंपनी पुढे बाजारातून नाहीशीच झाली. बांगड्या सोडवायला चार वर्षं लागली. त्याबद्दल पुढे कधी बोलेन.

आज सांगायचंय ते चांगल्या कंपनीचं, कारण वाईट कंपनीत बुडालो तर दोष कुणाचा ते कळतं.

सिस्को घ्या. मार्च २००० मध्ये काही दिवस ती जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती, मायक्रोसॉफ्टच्याही वर. इंटरनेट तिच्याच यंत्रांवर चालेल असं लोक म्हणत होते आणि ते शंभर टक्के खरं ठरलं. इंटरनेट वाढलं, सिस्कोची विक्री वाढली, नफा वाढला, कंपनी कधी बुडाली नाही. पण त्या मार्चमध्ये ८० डॉलरला शेअर घेतलेल्या माणसाला तोच भाव पुन्हा दिसायला डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. पंचवीस वर्षं! मूल जन्माला येऊन नोकरीला लागतं एवढा काळ. (मधला लाभांश मिळाला, तो वेगळा.)

नॅस्डॅक निर्देशांक १० मार्च २००० ला ५,०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४. वरची पातळी परत आली २०१५ मध्ये. अ‍ॅमेझॉनही त्या पडझडीत ९० टक्क्यांहून जास्त उतरला होता. आज तो कुठे आहे ते आपण बघतोच, पण त्या ९० टक्क्यांत हातात धरून कोण बसलं होतं, हा प्रश्न आहे.

तंत्रज्ञान खरं ठरतं म्हणून शेअरवाल्याला पैसे मिळतातच असं नाही. मधे भाव नावाची गोष्ट असते.

घणसोलीकर | १४ जानेवारी, सकाळी ९.१०

पारसिक, अगदी पटलं. अनुमोदन.

पारसिक | १४ जानेवारी, दुपारी १.२५

एक राहिलं. आपल्या भागाशी संबंध आहे म्हणून लिहितो.

त्या काळात समुद्राखालून फायबर केबल टाकायची स्पर्धा लागली होती. फ्लॅग टेलिकॉम, टायको, ग्लोबल क्रॉसिंग, सगळ्यांनी अब्जावधी डॉलर ओतले. मागणी आली, पण उशिरा. ग्लोबल क्रॉसिंग आणि फ्लॅग दोघींनीही २००२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. फ्लॅग मग रिलायन्सने २० कोटी डॉलरच्या आसपास घेतली. टायकोचं जगभरचं जाळं टाटांच्या व्हीएसएनएलने १३ कोटी डॉलरला घेतलं. टाकायला जो खर्च आला त्याच्या पुढे ही रक्कम म्हणजे चिल्लर.

बँडविड्थ स्वस्त झाली आणि अमेरिकेचं काम इथे बसून करणं परवडायला लागलं. ऐरोलीचं माइंडस्पेस, महापे, तुर्भे इथली बीपीओ आणि आयटीची ऑफिसं त्यावरच उभी राहिली. ट्रान्स हार्बर लोकलवर ठाण्याहून सकाळी जी गर्दी सुटते, तिच्या पगाराचा एक धागा त्या बुडालेल्या केबलपर्यंत जातो. पैसे गेले न्यूयॉर्कच्या शेअरवाल्याचे आणि घरं उभी राहिली आपल्याकडे. ते आपलं नशीब. आता काकांची लेक त्या शेअरवाल्याच्या जागी बसली आहे, म्हणून जीव वर-खाली होतो.

रात्रपाळी_महापे | १५ जानेवारी, पहाटे ४.३०

ड्युटीवर आहे, थोडं सवडीने लिहितो. मी डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकल बघतो. कुठलं ते सांगणार नाही.

एआयवर खर्च होतोय म्हणजे काय, ते आम्हाला आकड्यांत नाही, हाताला कळतं. जुन्या हॉलमध्ये एका रॅकला (सर्व्हरच्या कपाटाला) ६-८ किलोवॉट धरून सगळं डिझाइन असायचं. पुढून गार हवा, मागून गरम. थंड बाजूला उभं राहिलं की स्वेटर लागतो, मागच्या बाजूला दोन मिनिटांत घाम. एनव्हिडियाच्या ७२ चिपांच्या नव्या रॅकला एकट्याला सुमारे १२० किलोवॉट लागतात. ते हवेने थंड होत नाही, पाणी थेट चिपपाशी न्यावं लागतं. म्हणजे पाइप वेगळे, पंप वेगळे, फ्लोअरवर वजन वेगळं, ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर) सगळंच वाढीव. आमचा डीजी सेट टेस्टला लावला की शेजारच्या शेडमधला माणूस बाहेर येऊन बघतो.

काम भरपूर आहे. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ मध्ये एकट्या महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट, अल्फाबेट, अ‍ॅमेझॉन आणि मेटा या चौघांचा मिळून २०२५ चा भांडवली खर्च ३०० अब्ज डॉलरच्या वर आहे. मी खोटा आशावादही दाखवणार नाही आणि घाबरवणारही नाही. हॉल रिकामे नाहीत.

पण एक गोष्ट गुंतवणूकदारांनी समजून घ्यायला हवी. इमारत तीस वर्षं टिकेल. ट्रान्सफॉर्मर नीट ठेवला तर पंचवीस. डीजी कमी तास चालतो, तोही टिकतो. चिप मात्र इतकी वर्षं कामाची राहत नाही, कारण दर दीड-दोन वर्षांनी त्याच विजेत कितीतरी जास्त काम करणारी नवी येते. आणि या वेळी पैशाचा मोठा वाटा चिपमध्ये जातोय. केबलच्या कंपन्या बुडाल्या तरी केबल समुद्रात पडून राहिली, वीस वर्षं वापरता आली. ही चिप तशी पडून राहणार नाही.

खाडीकाठ | १५ जानेवारी, सकाळी ८.०५

रात्रपाळी, फार मोलाचं लिहिलंत.

घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राची किंमत वहीत दर वर्षी कमी करत जाण्याचा, हा प्रकार आम्ही जवळून पाहिलाय. आमच्याकडे ग्लासलाइन्ड रिअ‍ॅक्टर होते, आतून काचेचा थर दिलेले. हिशेबाच्या वहीत त्यांचं आयुष्य पंधरा वर्षं लिहिलेलं. प्रत्यक्षात आमचा माल एवढा तीव्र होता की सातव्या-आठव्या वर्षी आत बॅटरी टाकून बघितलं की निळ्या काचेवर नखाएवढे काळे डाग दिसायचे. त्या दिवशी रिअ‍ॅक्टर संपला. वहीत मात्र तो अजून निम्मा शिल्लक असायचा, आणि तोवरचा सगळा नफा तेवढा फुगवलेला.

या मोठ्या कंपन्या सर्व्हरचं आयुष्य किती धरतात? कुणाला माहीत आहे का?

नौपाडाकर | १५ जानेवारी, सकाळी ११.३०

काका, माहीत आहे. अल्फाबेटने २०२३ मध्ये ते ४ वरून ६ वर्षं केलं. मायक्रोसॉफ्टनेही तसंच ४ वरून ६ केलं होतं. जानेवारी २०२५ पासून मेटाने साडेपाच वर्षं केलं, म्हणजे वाढवलं. आणि त्याच महिन्यापासून अ‍ॅमेझॉनने काही यंत्रांचं ६ वरून ५ वर आणलं, कारण एआयमुळे बदल वेगाने होतोय असं त्यांचंच म्हणणं. धंदा तसाच, महिना तोच, आणि दोघांनी दोन दिशा धरल्या.

हिशेब सोपा आहे. ६० कोटींचं यंत्र सहा वर्षांत घसरवलं तर वर्षाला १० कोटी खर्च पडतो, चार वर्षांत घसरवलं तर १५. मधले ५ कोटी नफ्यात दिसतात की नाही ते या एका अंदाजावर ठरतं. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, सगळं उघड लिहिलेलं असतं. पण पीई रेशो (भाव नफ्याच्या किती पट ते) बघून "स्वस्त आहे" म्हणणाऱ्याने ही टीप वाचलेली असावी.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो. मी नोकरदारांची रिटर्न भरतो, त्यामुळे हे रोजचं आहे.

पहिली गोष्ट, शेअर खात्यात आले त्याच दिवशी त्यांची पूर्ण किंमत पगारात धरून कर कापला गेलेला असतो. त्या दिवसाचा भाव हीच तिची खरेदी किंमत. म्हणजे आल्या दिवशी विकले तर भांडवली नफा जवळपास शून्य. "विकले तर पुन्हा टॅक्स लागेल" म्हणून लोक धरून बसतात, तो गैरसमज आहे. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवले तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकले तर स्लॅबप्रमाणे. अधिभार, सेस वेगळा.

दुसरी, रिटर्नमधलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता. शेअर विकलेले नसले, एक रुपया मिळालेला नसला तरी भरायचं असतं, आणि ते आर्थिक वर्षाचं नाही, कॅलेंडर वर्षाचं. चुकलं तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण लेक त्याच्या बरीच पुढे आहे. लाभांशावर अमेरिका २५ टक्के कापते, त्याचं क्रेडिट इथे फॉर्म ६७ भरून घ्यायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि दहातल्या नऊ जणांना मी सांगेपर्यंत माहीत नसते. अमेरिकन कंपन्यांचे शेअर नावावर असताना माणसाचं बरंवाईट झालं, तर अमेरिका वारसा कर लावते. त्यांच्या नागरिकांना मोठी सूट असते. तिथे न राहणाऱ्या आपल्यासारख्यांना फक्त ६०,००० डॉलरपर्यंत. त्यावरच्या रकमेवर दर चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. भारताचा अमेरिकेशी या कराबाबत करार नाही. ब्रोकर मुंबईतला असो की कॅलिफोर्नियातला, फरक पडत नाही. ६२ लाखांचे ९० च्या भावाने साधारण ६९ हजार डॉलर होतात. लेक ती रेषा ओलांडून गेली आहे. भारतीय म्युच्युअल फंडामार्फत तेच शेअर असतील तर हा प्रश्न येत नाही, कारण तुमच्या नावावर फंडाचं युनिट असतं.

चौथी, फ्लॅटचं बांधकाम चालू आहे म्हणालात. मग कलम ५४एफ बघा. २४ महिन्यांहून जुने शेअर विकून आलेली पूर्ण रक्कम, नुसता नफा नव्हे, मुदतीत राहत्या घरात घातली तर भांडवली नफ्यावरचा कर वाचतो. तिच्या नावावर आधीच एकाहून जास्त घरं नसावीत. पैसे थेट बिल्डरच्या डिमांडपोटी (टप्प्याटप्प्याने मागितल्या जाणाऱ्या रकमेपोटी) गेले तर कागद स्वच्छ राहतात. कर्ज फेडायला वापरले तर वाद निघू शकतो.

मोगरा_वाशी | १५ जानेवारी, रात्री ९.५०

इथे स्वतःचं लिहायचं की नाही, दोन दिवस विचार करत होते.

मी आणि नवरा दोघेही एकाच परदेशी कंपनीत होतो. तुमच्या लेकीसारखेच शेअर, दोघांचे मिळून चांगली रक्कम. २०२१ च्या दिवाळीत आम्ही सानपाड्याला मोठं घर घ्यायचं ठरवलं. विकावे असं वाटत होतं, पण भाव रोज वर जात होता. रोज रात्री झोपण्याआधी मोबाइलवर बघायचो आणि म्हणायचो, अजून एक महिना.

२०२२ मध्ये शेअर निम्म्याच्या खाली आला. आम्ही म्हटलं, नोकरी आहे, थांबू. डिसेंबरात दोघांना एकाच आठवड्यात मेल आला. मंगळवारी त्याला, गुरुवारी मला. लॅपटॉप परत द्यायला एकत्रच गेलो. मुलगी तेव्हा तिसरीत होती. फी आणि हप्ता भरायला ते शेअर तळच्या भावाला विकावे लागले. सहा-सात महिन्यांनी भाव परत वर गेला. आमच्याकडे तोवर एकही उरला नव्हता.

शेअर पडणं आणि नोकरी जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत असं आम्ही धरून चाललो होतो. त्याच वर्षी मेटाचंही तसंच झालं. शेअर वरच्या भावापासून ७० टक्क्यांहून खाली आणि नोव्हेंबरात ११ हजार लोक कमी. कंपनीला पैशाची चणचण भासली की ती दोन्हीकडून एकदम दिसते.

काका, भाव कुठे जाईल ते कुणालाच कळत नाही, म्हणून त्यावर भांडू नका लेकीशी. तिला एवढंच विचारा, की ६२ लाख आज रोख हातात आले असते तर सगळेच्या सगळे स्वतःच्या कंपनीत घातले असते का? मला हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

घणसोलीकर | १५ जानेवारी, रात्री १०.२०

मोगराताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. आता दोघांचं ठीक आहे ना?

मोगरा_वाशी | १५ जानेवारी, रात्री १०.४१

हो, दोघेही नोकरीत आहोत. वेगवेगळ्या क्षेत्रांत, मुद्दाम. तो आता औषध कंपनीत आहे.

कोपरी_पूल | १६ जानेवारी, सकाळी ८.१५

मोगराताईंचं वाचून रात्री मीही माझा कागद केला.

अमेरिकन टेकवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. पण माझ्या ईटीएफचं एक प्रकरण सापडलं. परदेशात गुंतवायची म्युच्युअल फंडांची एकूण मर्यादा ७ अब्ज डॉलर आणि ईटीएफची वेगळी १ अब्ज डॉलर आहे. पहिली २०२२ च्या सुरुवातीला आणि ईटीएफची २०२४ मध्ये भरत आली आणि पैसे घेण्यावर बंधनं आली. नवी युनिटं तयार होत नाहीत आणि घेणारे वाढलेत, त्यामुळे बाजारात युनिट त्याच्या खऱ्या मूल्याहून महाग विकलं जातं. मी कधी आयनॅव्ह, म्हणजे युनिटचं त्या क्षणाचं खरं मूल्य, बघितलंच नव्हतं. मागच्या काही खरेदी तपासल्या तर शंभराच्या मालाला ११० च्या वर मोजलेत. उद्या मर्यादा वाढली तर नॅस्डॅक जागचा न हलता माझे तेवढे पैसे जातील. या महिन्याची खरेदी थांबवली आहे. जे घेतात त्यांनी ऑर्डर टाकण्याआधी आयनॅव्ह नक्की बघा.

आणि काका, माझी नोकरीही आयटीतच. जुलैमध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं तेव्हा आमच्या फ्लोअरवर दिवसभर कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी मात्र त्याच संध्याकाळी आयटी फंडात पैसे घातले होते, भाव खाली आलाय म्हणून. तुमच्या चार टाक्या वाचून आज ते आठवलं.

खाडीकाठ | १९ जानेवारी, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला पूर्ण धागा वाचायला दिला. मोगराताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. मग बराच वेळ काही बोलली नाही.

काय ठरलं ते सांगतो. २४ महिन्यांहून जुने शेअर निवडून २८ लाखांचे विकले. ती रक्कम बिल्डरच्या पुढच्या डिमांडला थेट जाईल, कर्ज तेवढं कमी उचलायचं. उरलेले ३४ लाखांचे, म्हणजे ३८ हजार डॉलरच्या आत, वारसा कराच्या रेषेखाली आले. भारतीय आयटीचा फंड पूर्ण बंद करून ते ७ लाख एफडीत, सहा महिन्यांचा खर्च म्हणून. नॅस्डॅकचा फंड तसाच ठेवलाय, तिथे तिचा आग्रह होता आणि मलाही तो पटला. पारसिक म्हणतात तसं भाव कधी काय होईल सांगता येत नाही, तर सगळं काढून घेणं हाही भावाचाच अंदाज झाला.

नव्याने येणारे शेअर आले की विकायचे. पुढचे २० फेब्रुवारीला येतात. तिकडचा बाजार हिवाळ्यात आपल्या रात्री आठला उघडतो, तेव्हा तिने मोबाइलवर आठची आठवण लावली आहे.

नौपाडाकर, कॅलेंडर २०२५ चे आकडे आत्ताच काढून ठेवतोय. शेड्यूल एफएला डॉलरचा दर कुठल्या दिवसाचा धरायचा?

नौपाडाकर | १९ जानेवारी, रात्री १०.३५

स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो. खरेदीच्या रकमेला शेअर आले त्या दिवसाचा, वर्षातल्या सर्वोच्च मूल्याला त्या सर्वोच्च दिवसाचा आणि शिल्लकीला ३१ डिसेंबरचा. आता २८ लाखांचे विकलेत, त्याच्या भांडवली नफ्याला मात्र विक्रीच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत पुन्हा ३१ डिसेंबरचाच. प्रत्येक हप्त्यात आलेले शेअर वेगळ्या ओळीत लिहा, एकत्र करू नका. ब्रोकरचं वर्षभराचं स्टेटमेंट आजच उतरवून घ्या, नोकरी बदलली की ते खातं उघडताना फार त्रास होतो.